अबोल दुखण्याचा प्रश्न

प्रोस्टेट ग्रंथीच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेनंतर काही पुरुषांचा लघवीवरील ताबा कायमचा सुटतो. लाजेपोटी ते बोलत नाहीत. श्रमिकाचा तर रोजगारच बुडतो. विज्ञानाने मार्ग काढला आहे. गळती थोडी असल्यास मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी बसवितात. अधिक असल्यास मूत्रमार्गाभोवती द्रवाने फुगणारे कडे व वृषणकोशात त्याचा पंप. असे कडे १९७२ साली ह्यूस्टन येथे डॉ. स्कॉट यांनी प्रथम बसविले. अर्धशतक उलटले, तरी आपल्याकडे गरिबाच्या वाट्याला चिंधीच! २०१७ साली भारत सरकारने हृदयातील स्टेंटच्या व कृत्रिम गुडघ्याच्या किमतींना मर्यादा घातली. तोच न्याय या साधनांना का नको? ती सार्वजनिक रुग्णालयांत मोफत मिळावीत, ही मागणी कार्यकर्त्यांनी निःसंकोचपणे मांडली पाहिजे.