सीमेवर थांबणारी मोजणी

नगर कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हा प्रश्न वरवर भूगोलाचा वाटतो. वस्तुतः तो सत्तेचा आहे. जनगणनेच्या व्याख्येनुसार ‘नागरी समूह’ म्हणजे सलग पसरलेली नागरी वस्ती. त्यात किमान एक वैधानिक शहर असावे लागते. परंतु ही सलगता राज्याच्या सीमेपाशी येताच तुटते. २०११ च्या गणनेत चंडीगड समूहाची लोकसंख्या १०,२६,४५९ नोंदली गेली. त्याला खेटून असलेले मोहाली पंजाबच्या आणि पंचकुला हरियाणाच्या खाती गेले. दिल्लीच्या समूहात नोएडा नाही, गुरुग्रामही नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ‘महानगर क्षेत्र’ ठरविले ते दहा लाख लोकसंख्येवर आणि राज्यपालांच्या अधिसूचनेवर. अर्थात तेही एकाच राज्यापुरते.

हे अटळ आहे काय? अमेरिकेत कॅन्सस सिटीचे महानगर क्षेत्र मिसुरी व कॅन्सस या दोन राज्यांत मिळून मोजले जाते. लोक रोज कामासाठी कोठे जातात, हे तेथे पाहिले जाते. संघराज्य तेही आहे आणि आपणही आहोत.

कोणी म्हणेल, चिंताकीसारख्या गावाला महानगराच्या व्याख्येशी काय कर्तव्य? आमचे उत्तर असे की, व्याख्या शहराची असो वा सीमेची, मोजणीचा घटक जो ठरवितो तोच निकाल ठरवितो. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत औराद आणि उदगीर एकाच बीदर जिल्ह्यात होते. त्या दिवशी मधून रेघ गेली. सोयरीक आणि बाजारहाट मात्र रेघ ओलांडून चालूच राहिले. सीमाप्रश्नातही आपला आग्रह हाच होता आणि आहे: पाटसकर सूत्राप्रमाणे खेडे हा घटक धरा. जिल्हा घटक धरला, की जिल्ह्याच्या कडेची मराठी गावे बेरजेत बुडतात.

हे बुडणे केवळ कागदावरचे नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या संरक्षण-योजनेनुसार एखाद्या जिल्ह्यात, तालुक्यात वा नगरपालिकेत त्यांचे प्रमाण १५ टक्के असेल, तर महत्त्वाच्या सूचना व नियम त्यांच्या भाषेत निघावयास हवेत. समजा, एका गावात शंभरांत चाळीस मराठी आहेत. ते गाव मोठ्या नगरहद्दीत ओढले गेले आणि नव्या हद्दीत मराठीचे प्रमाण शंभरांत चौदा झाले. एकही माणूस हलला नाही, एकही घर उठले नाही. तरी हक्क गेला!

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. मातृभाषेचे आकडे गावनिहाय प्रसिद्ध करा; हद्द बदलल्यास जुन्या आणि नव्या अशा दोन्ही हद्दींचे आकडे द्या; सीमेपलीकडच्या रोजच्या ये-जा व्यवहाराची नोंद घ्या. अक्कलकोट आणि जत येथील कन्नड बांधवांसाठीही आम्ही हेच मागतो. न्याय एका काठाचा नसतो.

आगामी जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. बांधवांनो, प्रगणक दारी येईल तेव्हा मातृभाषा ‘मराठी’ असे निःसंकोच सांगा आणि तसेच लिहिले गेले ना, हे विचारून घ्या. घटक सरकार ठरविते. उत्तर मात्र आपले असते.