पौषाची अमावास्या आणि सिल्लारीचे आकाश

तुमसरच्या व्यापारी घरांत सहलीचा विषय निघाला की अलीकडे लडाखचे नाव हमखास येते. पँगाँगचा तलाव आणि हानलेचे ताऱ्यांनी भरलेले आकाश यांची छायाचित्रे नव्या पिढीने पाहिलेली असतात. परंतु हानले समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथील विरळ हवा आजी-आजोबांना मानवत नाही, दुकान आठ-दहा दिवस बंद ठेवता येत नाही आणि सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नेम परक्या ठिकाणी सांभाळणे कठीण जाते. परिणामी तरुण मंडळी निघतात आणि वडीलधारी मागे राहतात.

अशा कुटुंबांसाठी दोन-अडीच तासांच्या अंतरावर एक उत्तम पर्याय आहे. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय संस्थेकडून ‘डार्क स्काय पार्क’ असा दर्जा मिळाला. भारतात हा मान मिळवणारे ते पहिले आणि आशियातील पाचवे स्थान. सातपुड्याच्या पायथ्याशी, सिल्लारीजवळच्या तलावाकाठी, आकाशदर्शनासाठी दुर्बिणीसह वेधशाळा उभारण्यात आली आहे.

जाण्याची वेळ चंद्र ठरवतो. पौर्णिमेच्या आगेमागे आकाश उजळून निघते आणि मंद तारे लोपतात. अनेक घरांत अमावास्येला नवा सौदा टाळला जातो. तारे पाहण्यास मात्र तोच मुहूर्त. दिवाळीनंतर आकाश स्वच्छ होते, पण तेव्हा तुमसरच्या बाजारात धानाची आवक जोरात असते. म्हणून पौषातील अमावास्या सोयीची. हवा कोरडी असते आणि हंगामाची धावपळही ओसरू लागलेली असते.

सकाळी निघून पहिला थांबा रामटेकला घ्यावा. तेथील शांतिनाथ भगवंतांचे दिगंबर जैन मंदिर सर्वांच्या परिचयाचे आहे. २०१७ मध्ये आचार्य विद्यासागरजी महाराजांचा चातुर्मास याच क्षेत्री झाला. दर्शन व भोजन आटोपून मनसरमार्गे जबलपूरच्या महामार्गाला लागावे आणि पवनीहून सिल्लारीकडे वळावे. ही पवनी नागपूर जिल्ह्यातील. भंडारा जिल्ह्यातील पवनी वेगळी. वाहनचालकाला हे आधीच सांगितलेले बरे.

त्या दिवसांत सूर्यास्त संध्याकाळी सहाच्या सुमारास होतो. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे आधी भोजन आटोपणाऱ्यांचे ताट पाचच्या सुमारास उचलले गेले पाहिजे. पर्यटकांच्या निवासांत जेवण बहुधा उशिरा मिळते; म्हणून मुक्काम ठरवतानाच वेळ आणि कंदमूळरहित स्वयंपाक यांविषयी स्पष्ट बोलून घ्यावे. सोबत ठेपले, खाखरे असले की चिंता उरत नाही. वेधशाळेची वेळ आणि नोंदणीही निघण्यापूर्वी निश्चित करावी. जंगलाचा प्रदेश असल्याने रात्री परवानगीच्या जागेबाहेर पाऊल टाकू नये.

सूर्य मावळल्यावर आकाश पूर्ण काळे होण्यास सुमारे सव्वा तास लागतो. इतर प्रवाशांना हा वेळ कंटाळवाणा वाटतो. प्रतिक्रमणाचा नेम असलेल्या आजींना तो अगदी पुरेसा पडतो. रात्री जेवायचे नसल्याने त्यानंतर उठण्याची घाईही नाही. लडाखच्या बेतात अडचण ठरणारा नेम येथे वेळापत्रकात आपोआप बसतो.

साडेसातच्या सुमारास कृत्तिकांचा पुंजका जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्या पूर्वेस तांबूस रोहिणी, आग्नेयेस मृग, त्याखाली लखलखता व्याध. वायव्येस देवयानी दीर्घिका धूसर ठिपक्यासारखी दिसते. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे प्रवास करून येतो. डोळे अंधाराला सरावण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात आणि मोबाईलचा एक पांढरा झोत ती सवय क्षणात मोडतो. म्हणून विजेरीवर लाल कागद लावावा.

येथे घरातील वडीलधाऱ्यांची गरज भासते. सूर्यप्रज्ञप्तीसारख्या आगमांत अभिजित धरून अठ्ठावीस नक्षत्रांची गणना आहे. पंचांगातून त्यांची नावे आजोबांच्या ओठांवर असतात. पण गावाच्या दिव्यांत ती नक्षत्रे कोठे आहेत, हे नातवंडांना दाखवता येत नाही. रोहिणीचा आज दिसणारा प्रकाश सुमारे ६५ वर्षांपूर्वी निघाला, म्हणजे महाराष्ट्र राज्य स्थापन झाले त्या काळात, आजोबांच्या बालपणी. कृत्तिकांचा प्रकाश निघून सुमारे ४४० वर्षे झाली. आचार्य हीरविजयसूरी १५८३ मध्ये अकबराच्या दरबारी गेले, तो साधारण हाच काळ. इतिहासाची अशी उजळणी वर्गात होत नाही.

सिल्लारीचा अंधार केवळ जंगलामुळे टिकलेला नाही. परिसरातील गावांतले शंभरहून अधिक रस्त्यांचे व सार्वजनिक दिवे बदलून प्रकाश जमिनीकडे वळवण्यात आला. हाच बदल तुमसरच्या बाजारपेठेतही शक्य आहे. पाटीवरून आकाशात जाणारा उजेड म्हणजे बिलात मोजून दिलेला, पण गिऱ्हाइकाच्या उपयोगी न पडलेला माल. शिवाय पावसाळ्यात त्या दिव्याभोवती रात्रभर किती जीव होरपळतात, हे सकाळी दुकान झाडणाऱ्याला ठाऊक असते. दिव्याला वरून झाकण, कमी शक्तीचा पिवळसर बल्ब आणि दुकान बंद होताच पाटी विझवण्याची शिस्त; खर्च किरकोळ आहे.

सिल्लारीला जाण्यापूर्वी सराव म्हणून एखादी संध्याकाळ तालुक्यातल्याच चांदपूरच्या तलावावर घालवावी. कृत्तिकांत नुसत्या डोळ्यांनी किती तारे दिसतात, ते मुलांनी वहीत लिहून ठेवावे. सिल्लारीला तीच मोजणी पुन्हा करावी आणि परतल्यावर आपल्या गच्चीवरून तिसऱ्यांदा. तीन आकडे शेजारी मांडले की दुकानाच्या पाटीविषयी घरात वेगळे सांगावे लागणार नाही.