पोलिसांची बोलेरो स्लो आहे का? मुंबई-अहमदाबाद हायवेचं गणित

अमेरिकन पोलीस चेसचे व्हिडिओ बघितले की आपल्याकडे एक प्रश्न हमखास निघतो: आपले पोलीस बोलेरोत बसून कोणाला पकडणार? पालघर-बोईसरकरांना तर जास्तच पडतो, कारण मुंबई-अहमदाबाद हायवे आपल्याच जिल्ह्यातून जातो.

आधी आकडे. 1994 ची शेवरोले कॅप्रिस: 5.7 लिटर व्ही-8, 260 हॉर्सपॉवर, टॉप स्पीड 225 च्या आसपास. 2011 पर्यंत बनलेली फोर्ड क्राऊन व्हिक्टोरिया: 4.6 लिटर, 250 हॉर्सपॉवर. मिशिगनचे पोलीस दरवर्षी अशा गाड्या ट्रॅकवर पळवून तपासतात. आणि आपल्या डायल 112 ची बोलेरो? दीड लिटर डिझेल, 75 हॉर्सपॉवर. म्हणजे कागदावर मॅच संपली.

पण पाठलागाचं गणित करून बघा. सप्टेंबर 2022 मध्ये सायरस मिस्त्रींचा अपघात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झाला. त्यांच्या गाडीने आधीचे 20 किमी 9 मिनिटांत कापले, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. म्हणजे सरासरी ताशी 133, मिनिटाला 2.2 किमी. समजा पोलीस एक मिनिट उशिरा निघाले आणि सलग 153 ने पळाले, तरी गाठायला साडेसहा मिनिटं आणि जवळपास 17 किमी लागतील. त्या 17 किमीत ट्रक, कंटेनर, आणि मनोरसारख्या ठिकाणी रस्ता ओलांडणारी माणसं. इथे कॅप्रिस दिली तर अपघात एक वाढेल, एवढंच.

ते 133 काढायला इंजिन लागलंच नाही, दोन ठिकाणच्या वेळा पुरल्या. सरासरी वेग मोजणारे कॅमेरे हेच करतात: दोन जागी नंबर प्लेट वाचायची, अंतराला वेळेने भागायचं. कॅमेरा दिसला की ब्रेक मारणारा यातून सुटत नाही. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर 2024 पासून हे चालू आहे. मला विचाराल तर पालघरच्या पट्ट्यात पैसा इथेच लावावा, फास्ट गाड्यांवर नाही.

बोलेरोची खरी परीक्षा वेगळी आहे: फोन आल्यावर ती किती लवकर पोचते. बोईसर-चिल्हार रोडवर एमआयडीसीच्या टँकरमागे, खड्ड्यांतून, टॉप स्पीड काय कामाचा? तिथे कमी आरपीएमला मिळणारा 210 न्यूटन-मीटर टॉर्क आणि दणकट लॅडर फ्रेम उपयोगी पडते. गंमत म्हणजे क्राऊन व्हिक्टोरियाही वेगळ्या फ्रेमवर बसवलेली, मागच्या चाकांवर चालणारीच गाडी होती. ठोकली तरी दुरुस्ती सोपी, म्हणून पोलिसांची लाडकी.

बोईसरहून 112 लावलात तरी फोन नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो. जवळची गाडी त्यांना जीपीएसवर दिसते आणि कॉलची माहिती गाडीतल्या स्क्रीनवर जाते. पण तिथल्या ऑपरेटरला नुसतं "नाक्यावर या" म्हटलं तर कुठला नाका ते कसं कळणार? गाव, तालुका, जवळची ठळक खूण आधी सांगा. 112 इंडिया अ‍ॅप वापरत असाल तर लोकेशनची परवानगी आजच चालू करून ठेवा.