वाचा-श्रवणाच्या पदवीला चार वर्षे का?



‘बोलायला शिकवायला चार वर्षांची पदवी कशाला?’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत मुळीच पटले नाही. बीएएसएलपी या वाचा-श्रवणाच्या पदवीच्या पहिल्या तीन वर्षांत कानाची व स्वरयंत्राची रचना, ध्वनिशास्त्र, भाषाविज्ञान शिकावे लागते. मग वर्षभर इंटर्नशिप. पक्षाघाताने वाचा गेलेले आजोबा, कॉक्लिअर इम्प्लांट झालेले मूल, इतकेच काय, घास गिळता न येणारा रुग्णही या पदवीधरांकडेच येतो. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होऊ शकतो. तिथे अर्धवट ज्ञान जिवावर बेतेल. म्हणूनच १९९२च्या कायद्याने त्यांना भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी सक्तीची केली. वर्षे कमी करण्यापेक्षा हे पदवीधर तालुक्याच्या रुग्णालयात नेमा, अशी मागणी करायला हवी. आणि पालकांनो, मूल वेळेत बोलत नसेल तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणत थांबू नका. आधी श्रवणचाचणी करून घ्या.

– एका विद्यार्थिनीची आई, सातारा