हद्दपारीने पेठ सुरक्षित होत नाही

दुकानातून पाच शिलिंगांचा माल उचलणाऱ्याला फाशी देणारा कायदा इंग्लंडात सतराव्या शतकाच्या अखेरीस झाला. तो रद्द करण्याचे विधेयक १८१० मध्ये सर सॅम्युअल रोमिली यांनी आणले, तेव्हा कॉमन्स सभेने ते मंजूर केले. उमरावांच्या सभेने मात्र फेटाळून लावले. फाशीचा धाक गेला तर मालमत्तेला संरक्षण उरणार नाही, हा विरोधकांचा युक्तिवाद होता. पुढे फाशी गेली आणि दुकाने राहिली. दोनशे वर्षांनंतर ब्रिटनमधील गावोगावच्या पेठांतील चोरी आणि दांडगाईचा प्रश्न ऐरणीवर येताच धाकाची तीच भाषा पुन्हा ऐकू येऊ लागली आहे.

प्रश्न खोटा नाही, हे प्रथमच स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. मार्च २०२५ अखेरच्या वर्षात इंग्लंड व वेल्समध्ये दुकानचोरीचे ५,३०,६४३ गुन्हे नोंदले गेले. आदल्या वर्षापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी अधिक. दुकानदारांच्या मध्यवर्ती संघटनेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये दुकान कर्मचाऱ्यांना शिवीगाळ, धमकी व मारहाण होण्याचे प्रकार दिवसाला दोन हजारांवर होते. डाव्या वर्तुळांत काहीजण दुकानचोरीला गरिबांचे बंड म्हणून गोंजारतात. त्यांनी एकदा गल्ल्यावर उभ्या असलेल्या बाईकडे पाहावे. अपमान आणि सुरा भांडवलदाराच्या वाट्याला येत नाही; तो तिच्या वाट्याला येतो. मांस, मद्य आणि सौंदर्यप्रसाधने पिशव्या भरभरून नेऊन विकणाऱ्या टोळ्यांचा भुकेशी काडीचाही संबंध नाही. तिसरा वर्ग आहे तो व्यसनाच्या फासात अडकलेल्यांचा. मार्च २०२३ मध्ये खाद्यपदार्थांची भाववाढ १९ टक्क्यांवर पोहोचली, तेव्हा लेकराच्या दुधाच्या डब्यालाही चोरीविरोधी टाळे लागले. गरजेपोटी चोरणारे, व्यसनापोटी चोरणारे आणि धंदा म्हणून चोरणारे या तिघांना एकाच दोरीने बांधणारे धोरण तिघांपैकी कोणालाही रोखू शकत नाही.

मग पेठ निराधार कोणी केली? २०१० नंतर हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारांनी काटकसरीच्या नावाखाली आठ वर्षांत सुमारे वीस हजार पोलिसांची घट केली. पुढे तेवढी भरती झाली खरी. परंतु पेठेत पायी फिरणारे, दुकानदाराला व पोरांना नावाने ओळखणारे साहाय्यक पोलीस निम्म्याहूनही कमी उरले. नगरपालिकांची अनुदाने आवळली गेली, युवक केंद्रांना कुलपे लागली. २०१४ च्या कायद्याने दोनशे पौंडांपर्यंतची दुकानचोरी सामान्यतः कनिष्ठ दंडाधिकाऱ्यापुढे चालणारा किरकोळ गुन्हा ठरवली. ती गुन्हाच राहिली; पण पोलीस येणारच नाहीत, असा अर्थ चोरांनीही काढला आणि दुकानदारांनीही.

या कथेत मालकवर्गही निरपराध नाही. माणसे कमी करून स्वयंचलित गल्ले बसवायचे, भल्यामोठ्या दुकानात रात्री दोन-तीन कर्मचारी ठेवायचे आणि माल गेला की सरकारी पोलिसांनी फुकट राखण करावी म्हणून गळा काढायचा, हा कोणता न्याय? टेस्को या सर्वांत मोठ्या कंपनीचा २०२४-२५ चा कार्यचालन नफा तीन अब्ज पौंडांच्या वर होता. त्या नफ्यातून दारावर आणि गल्ल्यावर माणूस उभा करणे अशक्य नाही. उत्तर इंग्लंडातील बूथ्स या लहान दुकानसाखळीने २०२३ मध्ये बहुतेक दुकानांतील स्वयंचलित गल्ले काढून पुन्हा माणसे उभी केली.

मजूर पक्ष २०२४ मध्ये सत्तेवर आला. त्याने दोनशे पौंडांची सवलत रद्द करण्याचे आणि दुकान कर्मचाऱ्यावरील हल्ला हा स्वतंत्र गुन्हा ठरवण्याचे पाऊल उचलले, हे योग्यच झाले. स्कॉटलंडने तसा कायदा २०२१ मध्येच केला होता आणि उस्डॉ या कामगार संघटनेने त्यासाठी वर्षानुवर्षे झुंज दिली होती. पण त्याच विधेयकात ‘रिस्पेक्ट ऑर्डर’ आली: दिवाणी पुराव्यावर माणसाला पेठेत येण्यास बंदी आणि आदेश मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास. हा प्रयोग ब्रिटनला नवा नाही. टोनी ब्लेअर यांच्या सरकारने १९९८ च्या कायद्याने ‘अस्बो’ आणला; निम्म्याहून अधिक आदेश किमान एकदा मोडले गेले आणि २०१४ मध्ये तो मोडीत निघाला. हद्दपार केलेला माणूस नाहीसा होत नाही. तो शेजारच्या पेठेत जातो.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्यांना हे तर्कशास्त्र अपरिचित नाही. इंग्लंडच्या १८२४ च्या भटकेगिरीविरोधी कायद्याने बेघर असणे हाच गुन्हा केला. तीच दृष्टी १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यात उतरली. उपजीविकेचे दृश्य साधन नसलेला, भटकणारा माणूस भिकारी ठरवून वर्षानुवर्षे डांबता येईल, अशी तरतूद त्यात झाली. २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील प्रमुख कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. दारिद्र्य नजरेआड केले की व्यवस्था सुधारली, हा भ्रम साहेबाबरोबर आला आणि साहेब गेल्यावरही राहिला.

समाजवाद्यांची मागणी म्हणून नेमकी हवी. टोळ्यांचा आणि चोरीचा माल विकत घेणाऱ्यांचा कसून तपास व्हावा. कर्मचाऱ्यावर हात उगारणाऱ्याला शिक्षा व्हावी. कोणाही कर्मचाऱ्याला एकट्याने दुकान सांभाळावे लागू नये, हे बंधन मालकावर असावे. व्यसनाधीनांना उपचार मिळावेत. वेस्ट मिडलंड्सच्या पोलिसांनी वारंवार चोरी करणाऱ्यांना थेट उपचार केंद्रात पाठवून तो मार्ग दाखवला आहे. युवक केंद्रे उघडावीत, ओळखीचा पोलीस परत पेठेत यावा. यासाठी पैसा लागतो. आदेशाला नुसता कागद पुरतो. म्हणूनच सरकारांना आदेश प्रिय असतात. कामगाराच्या सुरक्षिततेचा झेंडा उजव्यांच्या हाती सोपवण्याचा अधिकार मात्र कोणत्याही समाजवादी पक्षाला नाही.