आधी उस्तादाला शिकवा

लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या आसपासच्या गावात डीपीवरचा फ्यूज उडाला, की बऱ्याचदा महावितरणच्या माणसाआधी गावातल्याच एखाद्या पोराला हाक जाते. या पोराला ‘झिरो वायरमन’ म्हणतात. कागदावर त्याची नोंद नाही, तारतंत्रीचा परवाना नाही, पण खांबावर तो सरसर चढतो आणि पंधरा मिनिटांत गावाला उजेड देतो. त्याला काम येत नाही असं कुणी म्हणू नये. त्याला येत नाही ते वेगळंच आहे. पुरवठा तोडणारा एबी स्विच खाली ओढला तरी कुणाच्या जनरेटरचा किंवा इन्व्हर्टरचा रिटर्न सप्लाय त्याच तारेत येऊ शकतो, म्हणून तार तपासून आणि अर्थिंग करूनच हात लावायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. ज्याच्या हाताखाली तो तयार झाला, त्यालाही नव्हतं. विजेच्या धक्क्याने देशात दरवर्षी बारा हजारांहून अधिक माणसं मरतात. ती सगळी कारागीर नसतात हे खरं, पण या आकड्यात खांबावरची पोरंही आहेत.

आपल्याकडची बहुतेक कारागिरी उस्तादाकडून पोराकडे जाते, आणि हाताचं कसब देण्यासाठी याहून चांगली शाळा नाही. मात्र या शाळेत डोळ्यांना दिसतं तेवढंच शिकता येतं. धोका दिसत नाही. जी चूक उस्तादाच्या अंगावर आजवर आली नाही, ती पद्धत म्हणून पुढे जाते. डिझेलची रिकामी टाकी गॅस कटरने कापणाऱ्या वेल्डरला ती रिकामीच वाटते. आत साचलेली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक असते, हे अनुभवातून शिकायला दुसरी संधी मिळत नाही. उदगीरच्या डाळ मिलमध्ये पुलीवरून घसरलेला पट्टा मशीन बंद न करता काठीने चढवणारा हातही असाच तयार झालेला असतो. तो शंभरदा पट्टा चढवतो, म्हणून एकशे एकाव्या वेळीही चढवतो.

या पद्धतीची सर्वांत मोठी किंमत लातूर जिल्ह्यानेच मोजली आहे. दगडमातीच्या दोन तोंडांच्या भिंती, मध्ये गोट्यांचा भराव आणि वर हातभर मातीचं माळवद, अशी घरं इथल्या गवंड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधली. उन्हाळ्यात ती थंड राहत, आणि उभीही राहत. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात किल्लारी परिसरात ती क्षणात बसली आणि हजारो माणसं झोपेतच गाडली गेली. भिंतीच्या दोन्ही तोंडांना सांधणारा आरपार दगड घालायचा, ही तशी साधी गोष्ट. पण जमीन इतक्या जोराने हललीच नव्हती, तोवर तिची गरज कुणाला कळणार? पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झालं, त्यात आरपार दगड आणि खिडकीवरचा काँक्रीटचा पट्टा कसा घालायचा हे गवंड्यांना शिकवलं गेलं, आणि हेच गवंडी ते शिकले. तेव्हा ‘आमच्या माणसांना शिकवून काय उपयोग’ हा सूर निदान या जिल्ह्यात तरी शोभत नाही.

प्रशिक्षणाने अपघात खरोखर कमी होतात का, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्याचं उत्तर सरळ ‘हो’ असं नाही. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार प्रशिक्षणाने कामगाराचं वागणं बदलतं याला भक्कम पुरावा आहे. इजा घटतात असं म्हणायला तो पुरेसा नाही. त्याआधी २००६मध्ये ९५ अभ्यास आणि सुमारे २१ हजार कामगारांची माहिती एकत्र करून झालेल्या दुसऱ्या आढाव्यात दिसलं, की व्याख्यान आणि पत्रकांपेक्षा प्रत्यक्ष हाताने करवून घेतलेल्या सरावाचा परिणाम कितीतरी जास्त होतो. म्हणजे ४ मार्चच्या सुरक्षा दिनाला शपथ घेऊन बिल्ला लावला, त्याला प्रशिक्षण म्हणू नये. बांधकाम कामगारांना कल्याणकारी मंडळाकडून सुरक्षा संच मिळतो. त्यातला सुरक्षा पट्टा कुठे अडकवायचा हे त्यासोबत शिकवलं नाही, तर तो पेटीतच राहतो.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला रोजगाराचा: दोन दिवस शिकायला बसलं तर चूल कशी पेटणार? पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत राजमिस्त्री, सुतार, लोहार यांना प्रशिक्षणाच्या दिवसाचे ५०० रुपये मिळतात, म्हणजे बुडालेली हजेरी भरून देणं सरकारला मान्य आहे. त्या अठरा व्यवसायांत वायरमन आणि वेल्डर नाहीत, हे मात्र नवलच. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कामगाराला ‘शिकवलं’ म्हटलं, की मालक मोकळा होतो आणि अपघाताचा दोष मेलेल्याच्या माथी बसतो. हे घडतं. म्हणून मशीनच्या पट्ट्यावरची जाळी, चालू स्थितीतला एबी स्विच, अर्थिंगची साखळी या गोष्टी आधी हव्यात आणि त्या मालकाच्या नाहीतर कंपनीच्याच खर्चाने हव्यात. पण त्या मागायच्या असतात हे न शिकलेल्या माणसाला कळणार कसं? कायद्याने तपासणीस येईल म्हणावं, तर विजेवर चालणाऱ्या कारखान्याला कायदा लागू होण्याची मर्यादा महाराष्ट्राने २०१५मध्ये दहा कामगारांवरून वीसवर नेली आणि केंद्राच्या २०२०च्या कामगार सुरक्षा संहितेनेही वीसच ठेवली. चार माणसांचं वेल्डिंगचं दुकान त्या कक्षेत येतच नाही. तिथे ‘जाळी लावल्याशिवाय हात घालणार नाही’ असं म्हणणारा कामगारच काय तो तपासणीस.

पोरगं हे म्हणेल, पण उस्ताद म्हणत असेल तरच. वीस वर्षांच्या मुलाला आयटीआयमध्ये सगळं नीट शिकवून पाठवलं, तरी पहिल्याच आठवड्यात उस्ताद ‘हे पुस्तकातलं राहू दे’ म्हणाला की संपलं. म्हणून सुरुवात चाळिशी-पन्नाशीतल्या मिस्त्र्यांपासून व्हावी. उदगीरच्या आयटीआयचं वर्कशॉप रविवारी रिकामं असतं. सोयाबीनच्या राशी दसऱ्याच्या सुमारास सुरू होतात, हडंबे (मळणी यंत्रं) बाहेर पडतात, मोटारींचे लोड वाढतात आणि खांबांवरची चढ-उतरही. तालुक्यातले झिरो वायरमन आणि त्यांचे उस्ताद गावोगाव सगळ्यांना ठाऊक आहेत. राशींच्या आधी, गणपती उठल्यानंतरचे दोन रविवार त्यांना हजेरी देऊन बोलवायला नवा कायदा लागत नाही.