अंगणातील कला आणि चौकातील भक्ती

टेंभी नाक्यावर नवरात्रात लोटणाऱ्या गर्दीचे वर्णन ठाणेकरांना करून सांगण्याची आवश्यकता नाही. आनंद दिघे यांनी १९७८ साली सुरू केलेला देवीचा हा उत्सव आज शहराच्या जीवनक्रमाचाच एक भाग होऊन बसला आहे. त्या उत्सवाच्या थोरवीविषयी अथवा राजकारणाविषयी लिहिण्याचा येथे हेतू नाही. प्रश्न निराळा आहे आणि तो एका नाक्यापुरता मर्यादितही नाही. या नाक्याच्या आसपासच्या घरांत, तसेच कल्याण-डोंबिवलीच्या असंख्य बिऱ्हाडांत अशी माणसे राहतात, की जी कचेरीतून परतल्यावर देवीचे चित्र रंगवितात, रांगोळीच्या ठिपक्यांत तासन् तास रमतात, जुन्या अभंगांना नव्या चाली लावतात, क्वचित स्वतःही चार ओव्या रचतात. त्यांची कला पोटासाठी नाही आणि भक्ती मिरवण्यासाठी नाही. तथापि केलेले कोणाला तरी दाखवावे, गायिलेले कोणी तरी ऐकावे, ही ओढ त्यांना असतेच. ते दाखवावे कोठे, हा तो प्रश्न होय.

या ओढीला हौस म्हणून हिणविण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण आपल्या भक्तिपरंपरेचा थोडा विचार केला, तर ती पद्धत किती उथळ आहे हे ध्यानात येईल. वारकरी पंथातील साधना मुळातच एकट्याची नाही. दिंडीला सोबती लागतात, कीर्तनाला श्रोते लागतात, भजनाला पुढे म्हणणारा आणि मागे धरणारे टाळकरी लागतात. शिवाय आपल्या संतकवींनी आपली नावे लपविली नाहीत. अभंगाच्या अखेरच्या चरणात ती गुंफली. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईनेही ती गुंफली. अहंकार गळावा म्हणून रचलेल्या कवनात रचणाऱ्याचे नाव राहते, यात परंपरेला विसंगती वाटली नाही. कारण ते नाव मालकीचे नसून ‘हे बोलणे माझे आहे, त्याची जबाबदारी माझी आहे’ असे सांगणारे होते.

ज्यांची नावे राहिली नाहीत, त्यांची गोष्ट अधिक बोधप्रद आहे. जात्यावर बसून विठ्ठलाला, रामाला, सीतेला ओवी घालणाऱ्या खेड्यापाड्यांतील स्त्रिया शतकानुशतके कवयित्री होत्या. पण त्यांना तसे कोणी म्हटले नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी अनेक वर्षे खपून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. या कामाचे मोठेपण केवळ संख्येत नाही. ओवी गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव नोंदविण्याचा कटाक्ष त्यांनी पाळला, हे त्याहून मोठे. ‘लोकसाहित्य’ या सरसकट शब्दामागे हाडामांसाची माणसे असतात, हे त्यामुळे दिसले. आता घरोघरचे जाते गेले. पहाटे दोघी-तिघींनी मिळून गाण्याची ती जागाही त्यासोबत गेली. गाणे नाहीसे होण्याआधी ते गाण्याची जागा नाहीशी होते, हा यातील पहिला धडा.

दुसरा धडा आपल्या जिल्ह्यानेच दिला आहे. पालघर हा स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. तत्पूर्वी वारली चित्रांचा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. लग्नप्रसंगी झोपडीच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढणे आणि त्यात पालघट देवीची स्थापना करणे हे सवाशिणींचे काम होते. ते चित्र विकण्यासाठी नव्हते. लग्नघरासाठी आणि देवीसाठी होते. १९७० च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी यांनी या वस्तीत कागद नेला आणि भिंतीवरील चित्र बाजारात येऊ शकते हे दाखविले. त्यानंतर जिव्या सोमा म्हसे यांच्यासारखा थोर चित्रकार जगापुढे आला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. गरीब समाजाला उत्पन्न मिळाले, मान मिळाला, ही गोष्ट सामान्य नव्हे. पण चित्राला किंमत येताच ते काढणारे बहुतांशी पुरुष झाले आणि देवीचा चौक काढणाऱ्या बायका मागे राहिल्या, हेही तितकेच खरे. बाजार कलेचा शत्रू नसतो. मात्र तो आपल्यासोबत आपले नियम घेऊन येतो.

तिसरा धडा छापखान्याचा आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. लक्ष्मी-सरस्वतीची रंगीत चित्रे त्यामुळे थोड्या पैशांत सामान्यांच्या भिंतीवर आली. ज्याला गाभाऱ्यात प्रवेश नव्हता, त्याच्याही घरी देव आला. हा उपकार मोठाच होता. पण नागपंचमीला भिंतीवर गंधाने नाग काढणारा हात, जिवतीचे चित्र स्वतः रेखाटणारा हात हळूहळू थांबला. कारण छापील कागद अधिक सुबक होता. आपण देवाच्या चित्राचे कर्ते होतो, ते गिऱ्हाईक झालो.

अर्थशास्त्राचा अध्यापक या नात्याने मला या तिन्ही उदाहरणांत एक समान सूत्र दिसते. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थतज्ज्ञांनी १९६६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात प्रयोगकलांच्या खर्चाची चिकित्सा केली आहे. त्यांचा मुद्दा असा, की यंत्रांमुळे कारखान्यातील कामगाराची उत्पादकता वाढत जाते, पण चार वादकांची रचना वाजवायला पूर्वीही चार माणसे व ठरावीक वेळ लागत असे, आजही तितकाच लागतो. इतरत्र वेतने वाढली की या कलांचा खर्चही वाढतो आणि त्या तुलनेने महाग होत जातात. भजनाला हा नियम तंतोतंत लागू पडतो. तासाभराच्या भजनाला तास लागतोच; हाताने काढलेल्या रांगोळीला सकाळ लागतेच. उलट ध्वनिमुद्रित गाणे आणि छापील फलक दिवसेंदिवस स्वस्त होत जातात. म्हणून उत्सवाच्या हिशेबवहीत माणसाच्या हाताची कला महाग ठरते आणि यंत्राची स्वस्त. त्यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नव्हे. हिशेबच तसा पडतो.

मग हौशी माणसाला मानधन अथवा बक्षीस द्यावे, असा सोपा उपाय सुचतो. येथे रिचर्ड टिटमस या ब्रिटिश विद्वानाचे स्मरण करावे लागते. रक्तदानाविषयीच्या १९७० च्या आपल्या ग्रंथात, ब्रिटनमधील निरपेक्ष रक्तदान आणि अमेरिकेत पैसे देऊन मिळविलेले रक्त यांची तुलना करून त्यांनी दाखविले, की दानाच्या जागी दाम आला म्हणजे दानाची वृत्ती आक्रसते. त्यांच्या निष्कर्षांवर पुढे पुष्कळ वाद झाला. पण मूळ इशारा विसरण्याजोगा नाही. दहीहंडीचेच पाहा. गल्लीतील मुलांचा खेळ लाखांच्या बक्षिसांमुळे थरांच्या शर्यतीत बदलताना ठाण्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. शर्यतीत कौशल्य वाढले, हे मान्य. पण गल्लीतला जो मुलगा तीन थरांपुरताच उपयोगी होता, तो आता प्रेक्षक झाला. रांगोळीच्या स्पर्धा, आरतीच्या स्पर्धा, सजावटीच्या स्पर्धा यांचे हेच होते. पहिला क्रमांक एकाला मिळतो. बाकीचे पुढल्या वर्षी येत नाहीत.

आता जागेचा प्रश्न. ज्या १९७८ साली टेंभी नाक्याचा उत्सव सुरू झाला, त्याच वर्षी मासुंदा तलावाकाठी राम गणेश गडकरी रंगायतन उभे राहिले, हा योगायोग लक्षणीय आहे. एक चौक, एक रंगमंदिर. रंगमंदिरात तिकीट असते आणि कसलेला कलावंत असतो; चौकात गर्दी असते आणि ध्वनिक्षेपक असतो. या दोहोंच्या मधली जी तिसरी जागा होती, म्हणजे चाळीची सामाईक गॅलरी, वाड्याचे अंगण, देवळाची ओसरी, ती पुनर्विकासाच्या ओघात आटत चालली आहे. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर वाहने उभी राहतात. दाराबाहेर रांगोळी काढली तर जाण्या-येण्यास अडथळा होतो म्हणून नाके मुरडली जातात. जुन्या गणेशोत्सवात मेळे असत. शेजारपाजारची पोरे पदे पाठ करून गात, ती पदे लिहिणाराही अनेकदा गल्लीतलाच कोणी शिक्षक वा कारकून असे. मेळ्यातील पदांचा दर्जा नेहमीच उच्च होता असे नव्हे. पण लिहिणारा, गाणारा आणि ऐकणारा एकमेकांना ओळखत होते.

यावर आक्षेप येतील. पहिला आक्षेप खर्चाचा: जाहिरातदारांच्या फलकांवाचून मंडप उभा राहत नाही. हे खरे आहे आणि फलक काढून टाका असे येथे म्हणणे नाही. त्यांच्या शेजारी एक भिंत मोकळी ठेवा, एवढेच म्हणणे आहे. दुसरा आक्षेप दर्जाचा: हौशी चित्रांत पाहण्यासारखे काय असते? ज्याला शेजारच्या काकूंनी रंगविलेली महिषासुरमर्दिनी पाहण्यात रस नाही, त्याने ती पाहू नये. पण जिला ती काढण्यात तीन महिने गेले, तिला ती टांगण्याचा अधिकार असावा. तिसरा आक्षेप गोंगाटाचा. वास्तविक येथे कायदा हौशी माणसाच्याच बाजूला आहे. ध्वनिप्रदूषण नियमावली २००० सालची आहे. डॉ. महेश बेडेकर यांनी ठाण्यातून लढविलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये जो निकाल दिला, त्यात ध्वनिक्षेपकाचा वापर हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. ध्वनिक्षेपक आवरला तर पेटी-टाळांचे भजन ऐकू येईल. आज ते होत नाही असे नव्हे. ते ऐकू येत नाही.

चौथा आक्षेप अधिक नाजूक आहे. सार्वजनिक जागेत एका धर्माच्या भक्तीला उत्तेजन का द्यावे? याचे उत्तर टेंभी नाक्याच्या भूगोलातच आहे. या परिसरात जैन मंदिर आहे, तसेच १८७९ साली बांधलेले बेने इस्रायल समाजाचे प्रार्थनामंदिर आहे. एकोणिसाव्या शतकात याच समाजाने बायबलमधील आख्यानांवर मराठी कीर्तने रचली व गायिली. आणि त्याआधी कितीतरी वर्षे, १६१६ साली, फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत सांगितली होती. ओवी आणि कीर्तन ही हिंदू भक्तीची रूपे खरीच. परंतु ज्याला मराठीत आपल्या श्रद्धेविषयी बोलायचे होते, त्या प्रत्येकाने ती आपली मानली. मोकळी भिंत ठेवली, तर ती या अर्थानेच मोकळी असली पाहिजे.

तेव्हा करायचे काय? सरकारने काहीच केले नाही असे नाही. राज्यातील १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५,००० रुपये भांडवली अनुदान देण्याची घोषणा २०२५ मध्ये झाली; म्हणजे एकूण साडेचार कोटी रुपये. पेटी-पखवाज घेण्यास त्याची मदत होईल. पण मंडळांपुढील खरी टंचाई वाद्यांची नसून वेळेची, जागेची आणि श्रोत्यांची आहे, आणि ती अनुदानाने भरून निघणारी नाही. ती टंचाई उत्सव मंडळांना आणि गृहनिर्माण संस्थांना मात्र जवळपास फुकटात दूर करता येईल. मंडपाची एक बाजू परिसरातील रहिवाशांच्या हस्तकृतींसाठी राखावी. सायंकाळचा एक तास ध्वनिक्षेपकावाचून भजन, ओवी व स्वरचित पदांसाठी द्यावा. त्या कलाकृतीखाली करणाऱ्याचे नाव असावे, आणि ते कोणत्याही पुढाऱ्याच्या नावापेक्षा लहान अक्षरांत नसावे. आणि यात क्रमांक काढू नयेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे सत्तावन्नावे कलम कर्त्याला आपले कर्तृत्व सांगण्याचा हक्क देते आणि हक्क विकल्यावरही तो त्याच्यापाशीच राहतो. जे कायद्याने मान्य केले, ते शेजाऱ्याने मान्य करण्यास हरकत नसावी.

शिक्षकांना व विद्यार्थ्यांना विशेष सांगावेसे वाटते. आपण स्वतः काही केले, तर ते संकोचाने कपाटात ठेवू नये. आणि दुसऱ्याने केले असेल, तर त्याचे नाव विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. देवीला सोन्याचा मुकुट वाहणारे पुष्कळ असतात, आणि त्यांच्या नावाच्या पाट्याही लागतात. स्वतःच्या हाताने काढलेली ठिपक्यांची रांगोळी जिने वाहिली, तिचे नाव गल्लीला ठाऊक असणे, एवढी तरी समृद्धी आपल्या शहरांना परवडण्यासारखी आहे.